निओडिमियम आणि डिस्प्रोशियम वेगळे करायला कॉम्प्युटर काऊन लागतो?

नागपुरात बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये आवाज न करता मागून येऊन अंगावर धडकायला पाहते ना इलेक्ट्रिक स्कूटर, तिचं मागचं चाक फिरवणाऱ्या मोटरमध्ये चुंबकाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन. वजनाच्या साधारण तीस टक्के रेअर अर्थ, म्हणजे निओडिमियमच्या कुटुंबातली मूलद्रव्यं. हा चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी जवळपास एकाच वेळी काढला आणि ताकदीत त्याला अजूनही तोड नाही, पण त्याची एक भानगड आहे, गरम झाला की त्याचा जोर उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीसच्या पुढे, मोटरच्या आत तर विचारूच नका. म्हणून त्यात थोडं डिस्प्रोशियम नाही तर टर्बियम टाकतात, मग तो तापमान सहन करतो.

आता ४ एप्रिल २०२५ ला चीननं सात रेअर अर्थच्या एक्स्पोर्टवर लायसन्स लावलं, त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम दोन्ही होते, आणि आपल्या गाड्यावाल्या कंपन्यांचे फोन सुरू झाले. तेव्हापासून तर्री-पोह्याच्या ठेल्यावरसुद्धा एकच प्रश्न ऐकू येऊन राहिला: आपल्या केरळ-ओडिशाच्या रेतीत एवढं भरलंय म्हणतात, मग आपण काऊन नाही काढत?

प्रश्न चुकीचा नाही. आपल्या किनाऱ्याच्या रेतीत मोनाझाइट हे रेअर अर्थचं खनिज आहे, आयआरईएल म्हणजे जुनी इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० पासून आहे, केरळात अळुव्याला तिचा कारखाना आहे. आणि ही मूलद्रव्यं जमिनीत कमी आहेत म्हणून अडलंय असंही नाही, सिरियम तर पृथ्वीच्या कवचात तांब्याच्या आसपास सापडतं. मोनाझाइटमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असतं म्हणून अणुऊर्जेचे नियम लागतात, ती कटकट वेगळी. पण खरं घोडं अडतं ते पुढे. खनिज फोडून ॲसिडमध्ये विरघळवलं की सगळ्या रेअर अर्थची मिळून एक खिचडी हातात येते, आणि त्यातून एकेक वेगळं काढायचं म्हणजे घाम फुटतो.

कारण ही सगळी एकसारखी वागतात. रसायनशास्त्रात कोण कोणाशी कसं वागेल हे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर ठरतं, आणि लॅन्थेनमपासून ल्यूटेशियमपर्यंत जाताना जे इलेक्ट्रॉन वाढतात ते जातात फोर-एफ कक्षेत, जी आत दडलेली असते. बाहेरून बघाल तर सगळ्यांचा चेहरा तोच. पाण्यात गेले की जवळपास सगळे तीन धन चार्जचे आयन होतात. सिरियम चार चार्जवर जाऊ शकतं, युरोपियम दोनवर येऊ शकतं, त्यामुळे त्या दोघांना काढणं त्यातल्या त्यात सोपं. बाकीच्यांमध्ये फरक उरतो तो फक्त आकाराचा.

हा फरक केवढा, ते आकड्यात पाहा. लॅन्थेनमच्या आयनची त्रिज्या साधारण १०३ पिकोमीटर, शेवटच्या ल्यूटेशियमची ८६, आणि मधे चौदा पायऱ्या. म्हणजे एका पायरीला जेमतेम एक-सव्वा पिकोमीटर. पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग. प्रेसिओडिमियम ९९ आणि निओडिमियम ९८.३. गॅरेजमध्ये दहाचा पाना आणि अकराचा पाना वेगळा कळतो, हातात घेतला की कळतो, पण इथं एक नट १० मिलिमीटरचा आणि दुसरा ९.९३ चा आहे, आणि तुम्हाला असा पाना बनवायचाय जो एकाला पकडेल आणि दुसऱ्यावरून सटकेल. रेअर अर्थ वेगळं करणं म्हणजे हा पाना शोधणं. केमिस्ट लोक त्याला लिगँड म्हणतात, कारखान्यात एक्स्ट्रॅक्टंट म्हणतात.

पाना नव्हता तेव्हा लोकांनी नुसत्या चिकाटीवर काम काढलं. अमेरिकेत चार्ल्स जेम्स नावाच्या केमिस्टनं शुद्ध थुलियम मिळवायला त्याचं ब्रोमेट पंधरा हजार वेळा स्फटिक करून काढलं, १९११ च्या सुमारास. पंधरा हजार! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्याच आयोवात एम्स गावी फ्रँक स्पेडिंगच्या टीमनं आयन एक्स्चेंजचे कॉलम लावले, शुद्धता भारी मिळाली पण काम मुंगीच्या चालीनं. मग आली सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनची पद्धत, जी आजही कारखान्यात चालते. खाली ॲसिडचं पाणी, वर केरोसीनसारखं तेल, तेलात एक्स्ट्रॅक्टंट मिसळलेला. घुसळा, थांबा, थर वेगळे होऊ द्या. एक्स्ट्रॅक्टंट ज्या आयनला जास्त धरतो तो तेलात जास्त जातो.

शेजारी-शेजारी असलेल्या दोघांत हा पक्षपात किती होतो? नेहमीच्या फॉस्फरसवाल्या एक्स्ट्रॅक्टंटनं प्रेसिओडिमियम-निओडिमियमचा सेपरेशन फॅक्टर, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या किती पट जास्त उचलतो तो आकडा, दीडच्या आसपास येतो. म्हणजे ५०-५० मिश्रण एकदा घुसळलं तर तेलात फार तर ६०-४० होतं. बस. म्हणून तेच पुन्हा, पुन्हा, पुन्हा, मिक्सर-सेटलरच्या टाक्यांची रांग, शेकडो टाक्या, ॲसिड, अल्कली, खारं सांडपाणी आणि विजेचं बिल. चीननं हे जमवलं त्यात शू ग्वांगशियान या पेकिंग विद्यापीठाच्या प्राध्यापकाचा मोठा हात आहे, त्यांनी १९७० च्या दशकात या टाक्यांच्या रांगेचं गणितच मांडलं, किती टाक्या, कुठून काय सोडायचं, कुठे काय मिळेल. गंमत म्हणजे हा माणूस मूळचा क्वांटम केमिस्ट्रीवाला. आपल्याकडे थिअरीवाल्यांना कागदी वाघ म्हणायची पद्धत आहे, त्यांनी हे नाव पाठ करावं.

शू यांनी टाक्यांचं गणित केलं. आज लोक जे करून राहिले ते एक पायरी आत जाऊन, खुद्द पान्याचं गणित. फॅक्टर दीडचा पाच झाला तर टाक्यांची रांग एकदम आखूड होते. आणि नवीन रेणू लॅबमध्ये बनवायचा म्हणजे एका पोराचे कित्येक महिने जातात, कधी वर्ष जातं, आणि शेवटी कळतं की तो काहीच वेगळं करत नाही. कॉम्प्युटरवर तोच रेणू काढून बघायला काही दिवस. शंभरातले नव्वद तिथंच बाद करता आले तरी खूप झालं.

काढून बघायचं म्हणजे नेमकं काय, तर रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची घनता कशी पसरली आहे त्यावरून त्याची ऊर्जा काढायची. डेन्सिटी फंक्शनल थिअरी, सगळे डीएफटी म्हणतात. वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर पाया घातला, १९९८ मध्ये नोबेल मिळालं. अणू थोडे इकडे-तिकडे सरकवत राहायचे, ऊर्जा कमीत कमी होईल तो आकार शोधायचा, मग त्या आकारात निओडिमियम किती घट्ट बसलं आणि डिस्प्रोशियम किती, ते बघायचं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण या विषयावर बोलणारे बरेच जण ती गिळून टाकतात. हा आयन पाण्यात असतो तेव्हा पाणी त्याला भयंकर ताकदीनं धरून असतं, एका मोलला ३,००० किलोज्यूलच्याही वर. लिगँडनं त्याला धरायचं तर ते पाणी सोडवावं लागतं. आणि सेपरेशन फॅक्टर दोन मिळवायला दोन आयनांमध्ये ऊर्जेचा फरक किती लागतो? साधारण १.७ किलोज्यूल. दहाचा फॅक्टर हवा तर ५.७. म्हणजे तीन हजारांच्या हिशोबात तुम्ही पावणेदोनचा फरक शोधून राहिले, आणि डीएफटीची स्वतःची चूक लिगँडमध्ये बसलेल्या अशा आयनसाठी दहा-वीस किलोज्यूल आरामात असते. या हिशोबानं तर दुकान बंदच करायला पाहिजे.

तरी चालतं, कारण शहाणे लोक कॉम्प्युटरला तो मोठा आकडा विचारतच नाहीत. ते फक्त अदलाबदल विचारतात: लिगँडमध्ये निओडिमियम बसलंय, पाण्यात डिस्प्रोशियम आहे, दोघांच्या जागा बदलल्या तर ऊर्जा वर जाते का खाली? दोन्ही बाजूला तेवढेच बंध, तोच लिगँड, तेवढंच पाणी, त्यामुळे पद्धतीची चूक दोन्हीकडे जवळपास सारखीच पडते आणि वजाबाकीत उडून जाते. पूर्ण नाही उडत, पण बरीच उडते. मग दहा लिगँडची रांग लावायची, कोण जास्त पक्षपाती, कोण कमी. नुसता क्रम मिळाला तरी लॅबवाल्याला दिशा मिळते. कोणी पेपरात छाती ठोकून नेमका फॅक्टर प्रेडिक्ट केला म्हणत असेल तर मी तरी आधी बघतो की तो लॅबचा आकडा माहीत झाल्यावर काढलाय का आधी.

आणि वजाबाकी तरी सरळ होते का? नाही ना. पाण्यातच घोळ आहे. लॅन्थेनमकडच्या मोठ्या आयनांभोवती पाण्याचे नऊ रेणू बसतात, डिस्प्रोशियमच्या पुढच्या लहान आयनांभोवती आठ, आणि हा बदल मधे समेरियम-गॅडोलिनियमच्या टापूत हळूहळू होतो. म्हणजे अदलाबदलीत एक पाण्याचा रेणू कमी-जास्त होतो आणि आपली ती सारख्याला सारखं वजा करायची आयडिया तिथंच लंगडते. पाण्याला नुसतं एक सलग माध्यम समजून हिशोब केला तर तीन चार्जच्या आयनजवळ तो फसतो, म्हणून पहिल्या थरातले आठ-नऊ रेणू खरेखुरे ठेवायचे, कधी दुसरा थरही, आणि बाहेरचं माध्यम. अजून नीट पाहिजे असेल तर मॉलेक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे शेकडो-हजारो रेणू हलते ठेवून त्यांचा सरासरी हिशोब. त्यात मशीन जास्त दिवस अडकतं.

दुसरा त्रास त्या दडलेल्या फोर-एफ इलेक्ट्रॉनांचा. निओडिमियमच्या आयनमध्ये तीन एकटे इलेक्ट्रॉन, डिस्प्रोशियममध्ये नऊ इलेक्ट्रॉनांपैकी पाच एकटे, आणि ते सात खोल्यांमध्ये कसे बसतील याच्या इतक्या जवळजवळच्या शक्यता असतात की प्रोग्राम एकातून दुसऱ्यात उड्या मारत बसतो. रात्री जॉब टाकून झोपायचं, सकाळी उठून बघावं तर एससीएफ कन्व्हर्ज झालंच नाही, म्हणजे हिशोब एका उत्तरावर स्थिरावलाच नाही, म्हणून मेसेज. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. यावर उपाय म्हणजे ते इलेक्ट्रॉन गोठवून टाकायचे, आतल्या गाभ्यातच धरायचे, कारण तसेही ते बंधात फारसे पडत नाहीत. याच्यासाठी जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या लोकांनी बनवलेले पोटेन्शियल, म्हणजे त्या गोठवलेल्या गाभ्याऐवजी टाकायची तयार सूत्रं, सगळे वापरतात. आणि दुसरा सरळ जुगाड असा, की फक्त लॅन्थेनम आणि ल्यूटेशियम मोजायचे. एकात फोर-एफ रिकामं, दुसऱ्यात पूर्ण भरलेलं, दोन्हीत एकटा इलेक्ट्रॉन नाही, मशीन तक्रार करत नाही. दोन टोकं कळली की मधल्यांचा अंदाज. पेपरांमध्ये टेबलात लॅन्थेनम-ल्यूटेशियमच का दिसतात, मधे फार तर एखादं गॅडोलिनियम, त्याचं बऱ्याचदा हेच कारण असतं.

अजून एक चोरी सांगून टाकतो. खऱ्या एक्स्ट्रॅक्टंटला लांब शेपट्या असतात, आठ-आठ कार्बनच्या, कारण त्याला केरोसीनमध्ये विरघळायचं असतं. मोजताना लोक त्या शेपट्या कापून एक कार्बनची मिथाइल लावतात, कारण अणू कमी म्हणजे वेळ कमी. पकडीच्या हिशोबाला चालून जातं. पण तेलात हे रेणू एकेकटे फिरत नसतात, पाणी आणि ॲसिड पोटात घेऊन त्यांचे गठ्ठे होतात, आणि ते गठ्ठे शेपटीवर ठरतात. डायग्लायकोलअमाइड म्हणून एक्स्ट्रॅक्टंटची एक जात आहे, अणुइंधनाच्या रिप्रोसेसिंगसाठी त्यावर जगभर काम झालं, आपल्या बीएआरसीमध्ये म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रातही झालं. त्यातलं टोडगा नावाचं तीन-तीन रेणूंनी मिळून आयनला नऊ ऑक्सिजननं घेरतं आणि नायट्रिक ॲसिडमधले नायट्रेट बिचारे बाहेरच्या फटीत उभे राहतात. बाहेर उभं कोण आहे, नायट्रेट की क्लोराइड की पाणी, याचाही निवडीवर परिणाम होतो. नुसतं आतलं घर मोजणारा माणूस इथं हमखास आपटतो.

मग चांगला पाना कसा असतो? ॲडजस्टेबल पाना कोणत्याही नटाला बसतो, म्हणून तो निवड करत नाही. लवचिक लिगँडचंही तेच, आयन लहान असला तर तो स्वतः आकसून घेतो. निवड पाहिजे तर रिंग पान्यासारखा ठरलेल्या मापाचा, कडक, आधीच आकारात उभा असलेला रेणू पाहिजे. कॉम्प्युटर खरा कामी येतो तो इथं: लिगँडला आयन धरताना स्वतःचं अंग किती वाकवावं लागलं, त्यात किती ऊर्जा गेली, हे लॅबमध्ये कोणत्याच मशीनवर वेगळं मोजता येत नाही, पण गणितात सरळ मिळतं. मॅक्रोपा नावाचा एक गोल लिगँड आहे, बाकीचे बहुतेक लहान आयनांकडे ओढले जातात, हा उलटा, मोठ्या लॅन्थेनमकडच्यांना घट्ट धरतो. तसं का, याचं उत्तर डीएफटीनं दिलं: कडं मोठं आहे, लहान आयनला दोन्ही बाजूंनी पोचायला त्याला स्वतःला मुरगळून घ्यावं लागतं.

आणि कधी कधी पाना सोडून भलतीच युक्ती निघते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात एरिक शेल्टर यांच्या ग्रुपनं २०१५ मध्ये तीन हातांचा एक लिगँड दाखवला. डिस्प्रोशियम लहान, त्याच्याभोवती तीन हात नीट मिटतात. निओडिमियम जरा मोठं, एक फट राहते, त्या फटीतून दुसरा तसाच रेणू येऊन चिकटतो आणि जोडी होते. जोडीची आणि एकट्याची विरघळण्याची तऱ्हा वेगळी, झालं, सेपरेशन फॅक्टर ३५९! ऊर्जेत बघाल तर साधारण साडेचौदा किलोज्यूल, त्या पावणेदोनच्या शेजारी ठेवून बघा. फक्त सात पिकोमीटरचा फरक होता, तो जोडी होते-नाही होते अशा हो-नाहीत बदलला. जिवाणूंनी हे आधीच करून ठेवलंय हे वेगळंच. २०१८ मध्ये पेन स्टेटला जोसेफ कोत्रुवो यांच्या ग्रुपनं लॅनमोड्युलिन हे प्रोटीन जाहीर केलं, आणि २०२३ मध्ये ओकच्या कळ्यांवरच्या एका जिवाणूचं त्याचंच भावंड दाखवलं, जे मोठा आयन बसला की जोडी करतं, लहान बसला की नीट करत नाही. त्यानं निओडिमियम आणि डिस्प्रोशियम एकाच टप्प्यात ९८ टक्क्यांच्या वर शुद्ध वेगळे झाले. म्हणून आता मोजणारे लोक नुसती पकड न मोजता जोडी होण्याची ऊर्जा पण मोजतात, आणि माझ्या मते पुढची मोठी गोष्ट इथूनच निघेल, पकड अजून घट्ट करत बसण्यातून नाही.

कारण फार घट्ट पकडही नकोच असते. तेलात गेलेला आयन परत ॲसिडनं धुवून काढावा लागतो, त्याला स्ट्रिपिंग म्हणतात, आणि जो सोडतच नाही असा लिगँड कारखान्यात फुकट दिला तरी कोणी घेणार नाही. शिवाय किलोचा भाव, ॲसिडमध्ये टिकतो का, तेल-पाण्याच्या मधे तिसरा थर करून टाक्या चोंदवतो का, हे काही त्या अदलाबदलीच्या ऊर्जेत दिसत नाही. एआयवाले म्हणतात आम्ही डेटावर शिकवून सगळं काढतो. शिकवा की. पण छापलेले आकडे कोणी नायट्रिकमध्ये काढले, कोणी हायड्रोक्लोरिकमध्ये, कोणी केरोसीनमध्ये, कोणी टोल्युइनमध्ये, आणि न चाललेले लिगँड तर कोणी छापतच नाही. पोट भरायला डेटाच कमी आहे. हां, डीएफटीच्या हिशोबावर शिकवलेले पोटेन्शियल, म्हणजे अणूंमधली ऊर्जा झटपट सांगणारी मॉडेलं, मात्र कामाचे आहेत, त्यांनी मॉलेक्युलर डायनॅमिक्स बऱ्यापैकी स्वस्त केलंय.

आपल्या नागपुरात याचं काय काम? तर खूप आहे. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेचे डोंगर आपण रोज बघतो. कोळशाच्या राखेत सर्वसाधारणपणे टनामागे काही शे ग्रॅम रेअर अर्थ असतात. वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारं जेएनएआरडीडीसी आहे, बॉक्साइटचं ॲल्युमिना केल्यावर जो लाल गाळ उरतो, रेड मड, त्यात स्कँडियम आणि इतर रेअर अर्थ असतात. पण राख असो की लाल गाळ, तिथं निओडिमियम-डिस्प्रोशियमचं भांडण नंतरचं, आधी लोखंड, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियमच्या ढिगातून मूठभर रेअर अर्थ उचलायचंय. लोखंडाचा तीन चार्जचा आयन तर आकारानं चांगलाच लहान, त्यामुळे घट्ट धरणारा कोणताही लिगँड आधी त्याच्याच गळ्यात पडतो. इथं ऊर्जेचे फरक मोठे असतात, म्हणून कॉम्प्युटरचं उत्तर उलट जास्त भरवशाचं. सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांच्या कारखान्यांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, त्या कारखान्यांना शुद्ध ऑक्साइड कुठून तरी लागणारच आहे.

व्हीएनआयटी, एलआयटी किंवा विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या ज्या पोरापोरींना यात हात घालायचा असेल त्यांना सुपरकॉम्प्युटरची वाट पाहायची गरज नाही. ओर्का नावाचा प्रोग्राम शिक्षणासाठी फुकट मिळतो, सोळा कोरचं डेस्कटॉप पुरतं. सुरुवात लॅन्थेनम आणि ल्यूटेशियमपासून करा, एकाला नऊ पाणी, दुसऱ्याला आठ, आणि उरलेला पाण्याचा रेणू हिशोबात धरायला विसरू नका. लिगँड छोटा घ्या, शेपटी कापा, गाईडनं विचारलं तर कापली म्हणून सांगा. ज्याचा लॅबमधला क्रम आधीच छापलेला आहे असे चार-पाच लिगँड घेऊन तुमचा क्रम जुळतो का ते आधी बघा. तो जुळल्याशिवाय नवीन रेणूचं चित्र काढायला बसू नका, आणि जुळला की मग डिपार्टमेंटमधल्या सिंथेसिसवाल्या मित्राला चहा पाजायला सुरुवात करा, कारण पुढचं काम त्याच्याच हातात आहे.